हौशी रेडिओची हत्यारपेटी

वाचकहो, रेडिओचा कार्यक्रम म्हटले की आपल्याला काय आठवते? सकाळची मंगलवाद्ये, बाजारभाव, शेतकऱ्यांसाठी सल्ला, रात्रीच्या बातम्या. आज मी ज्या कार्यक्रमाविषयी बोलणार आहे तो मात्र कानांनी ऐकायचा नाही, संगणकाला वाचायला द्यायचा आहे. कोणते काम आधी करावे, कोणते नंतर करावे, आणि अडले तर काय करावे, हे संगणकाला समजेल अशा भाषेत लिहून दिले की त्याला प्रोग्रॅम म्हणतात. दोन कार्यक्रमांचा घोटाळा नको, म्हणून मी या दुसऱ्याला प्रोग्रॅमच म्हणेन.

हौशी रेडिओ म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगून ठेवतो. आकाशवाणीचे केंद्र बोलते आणि आपण ऐकतो. हौशी रेडिओवाला ऐकतोही आणि बोलतोही. त्याला केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. मग त्याला व्ही यू या अक्षरांनी सुरू होणारे एक संकेतनाव मिळते, आणि ठरवून दिलेल्या पट्ट्यांत तो जगातल्या दुसऱ्या हौशी केंद्राशी बोलू शकतो. पैसा मिळवणे हा त्यातला हेतू नव्हे. स्वतः शिकावे, प्रयोग करावेत आणि अडीअडचणीला निरोप पोचवावा, एवढाच त्याचा धर्म.

या मंडळींचा पहिल्यापासून एक बाणा आहे. जमेल तेवढे यंत्र आपल्या हातांनी घडवायचे. पूर्वी त्यांच्या टेबलावर डाग देण्याची कावी, तारांची भेंडोळी आणि वाल्व्ह असत. आता रेडिओचे बरेचसे पोट संगणकात शिरले आहे. २००१ साली एरिक ब्लॉसम यांनी 'ग्नू रेडिओ' या प्रकल्पाला आरंभ केला, तेव्हापासून तारा आणि कॉइल यांची पुष्कळ कामे प्रोग्रॅमनेच करता येऊ लागली. २०१२ च्या सुमारास असे ध्यानात आले की, संगणकावर दूरदर्शन पाहण्यासाठी विकली जाणारी बोटाएवढी वस्तू योग्य प्रोग्रॅमच्या जोरावर पुष्कळ तऱ्हेच्या लहरी पकडणारा ग्राहक बनू शकते. २०१७ साली जोसेफ टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी 'एफ टी ८' ही पद्धत लोकांसाठी खुली केली. तिच्यात कानाला ऐकूही न येणारा क्षीण संदेश संगणक उलगडून दाखवतो. हे टेलर म्हणजे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या दोघांपैकी एक, बरं का! तेव्हा कावीच्या जोडीला आता दुसरे एक हत्यार हाती घ्यावे लागणार आहे, आणि ते म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याचे.

यासाठी जी हत्यारपेटी लागते तिला संगणकवाले 'सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट' म्हणतात. नाव लांबलचक असले तरी वस्तू सुताराच्या पेटीसारखीच आहे. सुताराच्या पेटीत रंधा, करवत, पटाशी, गिरमिट असते. या पेटीत मजकूर लिहिण्याचा संपादक असतो. आपण लिहिलेले यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर असतो. दुसऱ्यांनी आधीच घडवून ठेवलेल्या भागांचा साठा असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी वही असते, आणि हे सारे कसे वापरावे हे सांगणारी पुस्तके असतात.

आपण विचाराल, तयार प्रोग्रॅम फुकट मिळत असताना ही उठाठेव कशाला? बाजारात तयार खुर्ची मिळत असताना सुताराला कशाला बोलवायचे, तसाच हा प्रश्न. उत्तर असे की तयार प्रोग्रॅमला जग ठाऊक असते, पण अक्कलकोट ठाऊक नसते. आपल्या तालुक्यात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा घराघरांत नांदतात, हे त्याला माहीत नाही. प्रकटदिनाला किंवा गुरुपौर्णिमेला गावात माणूस मावत नाही आणि भ्रमणध्वनी अडखळू लागतो, हे त्याला माहीत नाही. आपली गरज आपल्यालाच सांगावी लागते, आणि प्रोग्रॅमच्या भाषेत सांगावी लागते.

याहून मोठे कारण दुसरे आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागातला कोणीही जाणता माणूस विसरलेला नाही. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला धरणी हादरली आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. किल्लारी अक्कलकोटपासून सरळ रेषेत सत्तरएक किलोमीटरवर आहे. अशा वेळी कोणाला काय हवे, कोण कोठे आहे, हे कळणेच सर्वांत अवघड होऊन बसते. त्या संकटात हौशी रेडिओवाल्यांनीही निरोपांच्या कामाला हातभार लावला. पुढे २६ जानेवारी २००१ ला कच्छचा भूकंप झाला तेव्हाही ते धावून गेले. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली त्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालचे हौशी पथक योगायोगाने अंदमानातच होते. पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीशी संपर्क राखण्याचे मोठे काम त्याने केले.

आता एक विचार करून पाहा. असा प्रसंग आला, रेडिओ चालू आहे, बॅटरी भरलेली आहे, पण संगणकावरचा प्रोग्रॅम अडला. एखादी किरकोळ दुरुस्ती करायची आहे आणि त्यासाठी लागणारी लायब्ररी इंटरनेटवरून आणावी लागणार आहे. इंटरनेट तर तारेबरोबरच गेले! तहान लागल्यावर विहीर खणणे ते हेच. म्हणून आजच्या भाषणाचे सार आधीच सांगून टाकतो. हौशी रेडिओची हत्यारपेटी अशी मांडावी की जगाशी संबंध तुटल्यावरही ती उघडेल, आणि तिच्यातले प्रत्येक हत्यार आपण आधी एकदा तरी चालवून पाहिलेले असेल.

अक्कलकोटच्या राजवाड्यातले शस्त्रागार पुष्कळांनी पाहिले असेल. तलवारी, भाले, बंदुका कशा नीट मांडून ठेवल्या आहेत! ती शस्त्रे पाहण्यासाठी आहेत, आणि तशी ती शोभतात. आपली पेटी तशी नको. तिच्यावर हातांचे डाग पडले पाहिजेत.

आता मांडणीकडे वळू. पहिला प्रश्न जमिनीचा, म्हणजे संगणकावर कोणती मूळ व्यवस्था असावी याचा. मी 'डेबियन' सुचवतो. ही लिनक्सच्या घराण्यातली व्यवस्था आहे, आणि योगायोग असा की तिचा आरंभही १९९३ च्या ऑगस्टमध्येच झाला. ती विनामूल्य आहे. तिचा मूळ लेखही, म्हणजे प्रोग्रॅमचा हस्तलिखित खर्डाही, उघडा असतो. शिवाय हौशी रेडिओसाठी लागणारी साधने तिच्यात एकत्र बांधून ठेवलेली आहेत. संगणक नवाच हवा असे नाही. घरातला जुना लॅपटॉप चालतो. २०१२ साली बाजारात आलेला 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा संगणकही चालतो, आणि तो तर थोड्याशा विजेवर भागवतो. ज्या गावात वीज जाते-येते तिथे ही लहान गोष्ट नव्हे.

जमीन तयार झाली की हत्यारे एकेक करून आणावीत, सगळी एकदम आणू नयेत. एक आणावे, चालवून पाहावे, वहीत लिहावे, मग दुसरे. एकदम दहा आणली आणि काही बिघडले तर कोणामुळे बिघडले ते कळत नाही. पहिला संपादक. साधा असला तरी चालेल, पण मजकूर जसाच्या तसा ठेवणारा हवा. पत्रे सजवण्याचा प्रोग्रॅम येथे कामाचा नाही. दुसरा कंपायलर. १९८७ पासून चालत आलेला जीसीसी हा सर्वांना पुरून उरलेला आहे. तिसरी पायथन ही भाषा, १९९१ मध्ये गिडो व्हॅन रोसम यांनी लोकांपुढे ठेवलेली. नवशिक्याला ती लवकर जवळची वाटते. चौथी नोंदवही, तिचे नाव गिट. २००५ साली लिनक्सचेच जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ती केली. काल चालणारा प्रोग्रॅम आज का चालत नाही, याचा जाब या वहीला विचारता येतो.

आता लायब्ररी. येथे पुष्कळांचे पाऊल अडखळते, म्हणून थोडे थांबून सांगतो. हौशी रेडिओसाठी 'हॅमलिब' नावाची एक लायब्ररी २००० सालापासून घडत आली आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या दोनशेहून अधिक रेडिओयंत्रांशी संगणकाने कसे बोलावे, हे तिच्यात एका जागी बांधलेले आहे. आपल्या प्रोग्रॅमने नुसते म्हणायचे, अमुक लहरीवर जा. कोणत्या यंत्राला ते कोणत्या बोलीत सांगायचे, हे हॅमलिब पाहून घेते. आता गंमत अशी की डेबियनमध्ये ही लायब्ररी दोन गाठोड्यांत येते. एका गाठोड्यात ती चालवण्यापुरती असते. दुसऱ्याच्या नावाला 'डेव्ह' असे शेपूट असते, आणि त्यात तिच्या कोणत्या दाराने आत शिरायचे याची यादी असते. तयार प्रोग्रॅम नुसता वापरणाऱ्याला पहिले गाठोडे पुरते. घडवणाऱ्याला दुसरेही लागते. ते नसेल तर कंपायलर 'अमुक फाइल सापडत नाही' अशी तक्रार करतो. माणसाला वाटते आपलेच लिहिणे चुकले. चुकलेले काही नसते. शेपटाचे गाठोडे तेवढे आणायचे राहिलेले असते.

पेटी भरली, आता हत्यारे चालवून पाहू. त्यासाठी चार लहान परीक्षा सांगतो.

पहिली परीक्षा कंपायलरची. तिच्यासाठी एक ऐतिहासिक गणित घेऊ. १९४२ च्या चळवळीत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्टला तो बोलू लागला आणि १२ नोव्हेंबरला पकडला गेला. त्याचे यंत्र उभे करण्यात नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याचे साहाय्य होते. तो ४२.३४ मीटरवर बोलत असे. आजच्या भाषेत ही कोणती कंपनसंख्या? प्रकाशाच्या वेगाला लांबीने भागायचे, म्हणजे २,९९,७९२.४५८ ला ४२.३४ ने भागायचे. उत्तर येते ७०८०.६ किलोहर्ट्झ, म्हणजे आज हौशी मंडळी ज्या पट्ट्याला ४० मीटरचा पट्टा म्हणतात त्याच्या आतले.

एवढे गणित सी भाषेत लिहून पाहा. दोन्ही संख्या 'पूर्णांक' म्हणून जाहीर केल्यात तर यंत्र अपूर्णांक मुकाट्याने टाकून देईल, ४२ नेच भागेल आणि ७१३७ असे उत्तर देईल. ५६ किलोहर्ट्झचा फरक! त्या लहरीवर कान लावून बसणाऱ्याला उषाबेनचा आवाज कधीच ऐकू आला नसता. कंपायलर चालतो एवढ्यावर भागत नाही, तो आपले म्हणणे नीट समजला की नाही हे उत्तर तपासून पाहावे लागते, हा पहिला धडा.

दुसरी परीक्षा हॅमलिबची. आपल्याजवळ रेडिओयंत्र नाही, परवानाही अजून आलेला नाही, तर काय करायचे? तीही सोय आहे. हॅमलिबच्या यादीत पहिल्या क्रमांकावर एक नकली रेडिओ आहे. तो प्रत्यक्षात कोठेच नाही, पण प्रोग्रॅमशी खऱ्यासारखा बोलतो. लहर विचारली की १४५ मेगाहर्ट्झ असे सांगतो. ७०८०.६ किलोहर्ट्झवर जा म्हटले की जातो, आणि पुन्हा विचारले की तेच सांगतो. एक कण लहरही बाहेर पडत नाही. शाळेतल्या मुलाने निर्धास्त शिकावे अशी ही जागा आहे.

पुढे खरे यंत्र तारेने जोडाल तेव्हा डेबियन कदाचित 'परवानगी नाही' म्हणेल. ही सरकारी परवान्याची गोष्ट नाही. संगणकाच्या त्या दारातून जाण्याचा हक्क 'डायल-आउट' नावाच्या गटातल्यांनाच असतो. त्या गटात आपले नाव घालावे, एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे, की दार उघडते. आणि दूरदर्शनची ती बोटाएवढी वस्तू वापरणार असाल तर ध्यानात ठेवा, ती खोचल्याबरोबर डेबियन तिला दूरदर्शनच्याच कामाला जुंपतो. त्याला तसे करू नको म्हणून आधी लिहून द्यावे लागते. या दोन गोष्टी वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवाव्यात.

तिसरी परीक्षा ठिकाणाची. हौशी मंडळींनी साऱ्या पृथ्वीचे चौकोन पाडले आहेत. इंग्लंडात मेडनहेड या गावी १९८० साली ही पद्धत ठरली, म्हणून तिला त्या गावाचे नाव पडले. दोन अक्षरे आणि दोन अंक सांगितले की आपण कोणत्या चौकोनात आहोत ते कळते. हा हिशोब करणारा प्रोग्रॅम वीस-पंचवीस ओळींचा आहे, पण तो पेटीतल्या साऱ्या हत्यारांची कसोटी पाहतो.

अक्कलकोट पूर्व रेखांश ७६.२० आणि उत्तर अक्षांश १७.५३ वर आहे. रेखांशात १८० मिळवा, झाले २५६.२०. त्याला २० ने भागा. भाग १२ वेळा जातो आणि १६.२० उरतात. इंग्रजी अक्षरे शून्यापासून मोजली की १२ म्हणजे एम. उरलेल्याची निमपट ८.१०, त्यातले ८ घ्यायचे. आता अक्षांशात ९० मिळवा, झाले १०७.५३. १० ने भागले की १०, म्हणजे के अक्षर, आणि उरले ७.५३, त्यातले ७. अक्कलकोटचा चौकोन झाला एम के ८७.

आता सोलापूर पाहू. रेखांश ७५.९१ धरा. १८० मिळवून, २० ने भागून बाकी राहते १५.९१, आणि तिची निमपट ७.९५. येथे घेतात ७, म्हणून सोलापूर एम के ७७ मध्ये. म्हणजे ७६ अंशांची रेघ सोलापूर आणि अक्कलकोट यांच्यामधून जाते. रोजच्या एस. टी.ने जाणारा माणूस चाळीसएक किलोमीटरांत एका चौकोनातून दुसऱ्यात जातो, आणि त्याला पत्ताही नसतो. उमरगा आपल्याच एम के ८७ मध्ये येते. किल्लारी १८ अंशांच्या किंचित वर, म्हणून ती एम के ८८ मध्ये.

आता चूक कोठे होते ते पाहा. नवा प्रोग्रॅम लिहिणारा सवयीने अपूर्णांक जवळच्या पूर्णांकात बदलतो. ७.९५ चे ८ करतो, आणि सोलापूर उठून अक्कलकोटच्या चौकोनात येते. ७.५३ चेही ८ करतो, आणि आपले अक्कलकोट जाऊन बसते किल्लारीच्या चौकोनात! कागदावर हे हसण्यासारखे वाटते. पण मदतीची गाडी त्या आकड्यावर निघणार असेल तर हसू येणार नाही. म्हणून माझा आग्रह असा की प्रोग्रॅम तपासताना न्यूयॉर्क आणि लंडनची उदाहरणे घेऊ नयेत. आपली गावे घ्यावीत. चुकीचे उत्तर आले तर ते आपल्याला पाहताक्षणी खटकते, कारण ती वाट आपल्या पायाखालची असते. हा चौकोन सुमारे २१० किलोमीटर रुंद आणि ११० किलोमीटर उंच असतो. पुढे आणखी दोन अक्षरे काढली की तो नऊ बाय साडेचार-पाच किलोमीटरांवर येतो. अक्कलकोटची ती अक्षरे सी आणि एम अशी येतात. आपल्या प्रोग्रॅमने तीच दिली म्हणजे समजावे की गाडी रुळावर आहे.

चौथी परीक्षा वेळेची. हौशी रेडिओवाले सगळ्या जगात एकच जागतिक वेळ पाळतात. आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. किल्लारीच्या भूकंपाची वेळ प्रोग्रॅमला द्या, ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. जागतिक वेळेत उत्तर यायला हवे २९ सप्टेंबर, २२ वाजून २६ मिनिटे. तारीखच बदलली! ज्या प्रोग्रॅमला हे जमत नाही त्याच्या नोंदींत निरोप घटनेच्या आदल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जाऊन पडतात. एफ टी ८ सारख्या पद्धतीत तर पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात. दोन्हीकडची घड्याळे सेकंदभराच्या आत जुळली नाहीत तर संदेश उलगडतच नाही. संगणक आपले घड्याळ एरवी इंटरनेटवरून लावून घेतो. ते नसेल त्या दिवसासाठी उपग्रहावरून वेळ घेणारा लहानसा जीपीएस ग्राहक पेटीत असावा.

या चार परीक्षा उतरलात की पेटी तयार झाली. मग प्रश्न येतो आपल्या भाषेचा. संगणकावर मराठी आणि कानडी आता उत्तम लिहिता येते. परंतु लहरींवर जागा फार थोडी असते. 'अक्कलकोट' हा शब्द रोमन लिपीत लिहिला तर आठ अक्षरे, आणि प्रत्येकाला एक घर, म्हणजे आठ घरे. देवनागरीतही संगणकाच्या मोजणीने आठच चिन्हे होतात, पण प्रत्येकाला तीन घरे लागतात, म्हणजे चोवीस. कानडीचाही हिशोब तोच. सेकंदाला १२०० ठोके एवढ्या संथ वाटेने निरोप जायचा असेल तर हा तिपटीचा भार जाणवतो. एफ टी ८ मध्ये तर मोकळा मजकूर तेरा अक्षरांचाच, तोही रोमन.

यावर उपाय आपल्यासारख्यांनीच करायचा आहे. तालुक्यातल्या प्रत्येक गावाला एक क्रमांक द्यावा. अन्न, पाणी, डॉक्टर, तंबू, रस्ता बंद, अशा पंचवीस-तीस नेहमीच्या निरोपांनाही क्रमांक द्यावेत. लहरींवर आकडे जातील, आणि पलीकडच्या पडद्यावर प्रोग्रॅम ते मराठीत किंवा कानडीत पुरे वाक्य करून दाखवील. मात्र एक पथ्य पाळायचे. हौशी रेडिओवर गुप्त भाषा चालत नाही. म्हणून ही आकड्यांची यादी उघड असावी, छापून वाटावी, कोणालाही वाचता यावी. ती तयार करायला मोठा संगणकतज्ज्ञ लागत नाही. तालुक्याची गावे ठाऊक असलेला एक शिक्षक आणि पायथन शिकलेले दोन विद्यार्थी पुरेत. असा प्रोग्रॅम आपल्यासाठी दुसरे कोणी करणार नाही. ही काही तक्रार नाही. दुसऱ्यांना त्याची गरजच नाही, इतकाच त्याचा अर्थ.

आता शेवटची आणि खरी कसोटी. डेबियनचा संच, लागणारी सगळी गाठोडी, शेपटाचीसुद्धा, त्यांचे मूळ लेख, वापराची पुस्तके, सरावासाठी ध्वनिमुद्रित संदेशांच्या फायली आणि आपण लिहिलेले प्रोग्रॅम नोंदवहीसकट, असे सारे दोन पेन ड्राइव्हांवर उतरवून घ्यावे. एक आपल्या घरी, दुसरा मित्राच्या घरी ठेवावा. मग एखाद्या रविवारी दुसरा रिकामा संगणक घ्यावा, इंटरनेट बंद करावे, आणि त्या पेन ड्राइव्हावरून सगळी पेटी पुन्हा मांडून दाखवावी. चारही परीक्षा पुन्हा घ्याव्यात. कोठेतरी अडेल, निश्चित अडेल. एखादे गाठोडे दुसऱ्या गाठोड्यावर अवलंबून असते आणि तेच आणायचे राहिलेले असते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? जे राहिले ते वहीत लिहावे, सोमवारी आणून ठेवावे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा रविवार काढावा. तिसऱ्या खेपेला पेटी विनातक्रार मांडली जाते, असा भरवसा धरायला हरकत नाही. वर्षातून दोनदा तरी हा नेम पाळावा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दसऱ्याला. दसऱ्याला आपण हत्यारे पुसतो, पूजतो. या हत्यारांची पूजा म्हणजे ती चालवून पाहणे.

उतावीळ मंडळींना एक गोष्ट निक्षून सांगतो. परवाना हाती येईपर्यंत लहरी सोडायच्या नाहीत. नकली रेडिओवर वाटेल तेवढे शिकावे, ध्वनिमुद्रणे उलगडावीत, गणिते करावीत. परवाना आल्यावरही नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा एरियलला जोडू नये. जी शक्ती हवेत जायची ती उष्णता करून गिळून टाकणारा एक रोध मिळतो. तो एरियलच्या जागी लावावा. प्रोग्रॅम चुकून तासभर बोलत राहिला तरी मग शेजाऱ्याच्या कामात व्यत्यय येत नाही. लहरी सर्वांच्या आहेत. सार्वजनिक विहिरीवर जशी पाळी आणि मर्यादा, तशीच येथेही.

वाचकहो, यातले काही एका रात्रीत होणारे नाही. पण यातले काहीच असेही नाही की जे अक्कलकोटातल्या शाळेच्या एका खोलीत होऊ शकणार नाही. एक जुना संगणक, दोन पेन ड्राइव्ह, एक वही आणि आठवड्यातून एक संध्याकाळ, एवढे भांडवल पुरते. परीक्षेचा अभ्यास आणि पेटीची मांडणी बरोबरीने चालू द्यावी. परवाना येईल त्या दिवशी पेटी तयार असेल, आणि पेटीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.

आरंभ कोठून करावा असे विचाराल, तर आपल्या गावाचे अक्षांश आणि रेखांश शोधून काढा आणि कागदावर, पेन्सिलीने, आपला चौकोन मांडा. उत्तर हाती आले म्हणजे तेच संगणकाकडून काढून घ्यायला लागा.